गिरजाबाईंचा डोळा

१२ सप्टेंबर, शुक्रवार. सकाळी दुकान उघडून स्कॅनरची काच पुसत होते. हे काम मी दुसऱ्या कोणाला देत नाही. काचेवर एक केस राहिला तर तो कोणाच्या तरी कपाळावर येऊन बसतो आणि तिथून त्याला हलवण्यात अर्धा तास जातो. पितृपक्ष लागून पाच दिवस झाले होते. आमच्या वऱ्हाडात त्याला पित्तरपाट म्हणतात. लग्नसराई फोटो काढणाऱ्यांची, तसा पित्तरपाट आमचा. घरोघरची गेलेली माणसं या पंधरा दिवसांत पेटीतून, पोथीतून, बँकेच्या पासबुकातून बाहेर निघतात आणि अमरावतीत माझ्या टेबलावर येऊन पडतात. कोणाला वाळवी लागलेली असते, कोणाच्या नाकावरून घडी गेलेली असते, कोणी लग्नाच्या ग्रुप फोटोत मागच्या रांगेत हरभऱ्याएवढे उभे असतात. त्यांना मोठं करायचं, नीट करायचं, फाटका सदरा असेल तर चांगला कोट चढवायचा आणि तिथीच्या आत भिंतीवर जायला तयार करायचं. लोकांना वाटतं मी फोटो काढते. मी काढत नाही. दुसऱ्यांनी काढलेले सुधारते. धंद्यात याला रिटचिंग म्हणतात.

काच पुसून होत नाही तोच बापलेक आत आले. मुलगा गजानन, पंचेचाळिशीचा, भातकुलीच्या पुढच्या एका गावचा शेतकरी. पितृपक्षाआधी तोच आईचा फोटो घेऊन आला होता. त्याची आई गिरजाबाई मागच्या वर्षी वारली. नवरा हयात असताना गेली म्हणून तिचं पान अविधवा नवमीला, म्हणजे येत्या सोमवारी. फोटो करून, फ्रेम लावून मी केव्हाच दिला होता. आज सोबत वडील होते, पुंजाजी. धोतर, पांढरी टोपी आणि नायलॉनच्या पिशवीत ती फ्रेम. ते बसले नाहीत. फ्रेम काढून काउंटरवर माझ्याकडे तोंड करून ठेवली.

“हे कोन होय, बाई?”

“गिरजाबाई,” मी म्हटलं. “तुमच्या घरच्या.”

“माह्या घरची अशी नोती.”

गजानन ओशाळला. “बाबा, मायच होय ना. त्याहिनं साफ केली. जुना फोटो खराब झाल्ता, म्हनून तुमाले तसं वाटते.”

“तू गप रे. पन्नास वर्सं मी राह्यलो तिच्यासंगं. तुले का माईत?” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “हे बाई चांगली हाय. दिसाले बी चांगली हाय. पन मी इले वळखत नाई. नवमीच्या दिवशी मी कोन्या परक्या बाईपुढं पान ठेवू काय?”

मी वाद घालत नाही. गिऱ्हाईक म्हणालं की हा माझा माणूस नाही, तर तो नाही. तिथे मी कोण ठरवणार? “मूळचा फोटो आणा,” मी म्हटलं. “सोमवारच्या आत नवा करून देते.”

गजानन फरशीकडे पाहू लागला. “तो शिरवला, ताई.”

शिरवणे म्हणजे विसर्जन करणे. गणपतीसोबत निर्माल्य गेलं, त्यात तोही गेला, पेढी नदीत. यात कोणाची चूक नव्हती. आमच्याकडे फुटका आरसा आणि फाटका फोटो घरात ठेवत नाहीत, आणि गेलेल्या माणसाचा फोटो कचऱ्यात तर टाकता येत नाही. नवी चकचकीत फ्रेम घरी आली, मग सुनेनं जुनी पाण्याला दिली. रीतच आहे.

“असू द्या,” मी म्हटलं. “माझ्याकडे स्कॅन आहे.” संगणकावर त्यांची फाइल उघडली. आत तीच परकी बाई बसली होती.

मला क्षणभर काही समजेना. मग समजलं. नवी फाइल वेगळ्या नावानं ठेवायची असते. मी ती जुन्या स्कॅनवरच ठेवली होती. गिरजाबाईंचा खरा चेहरा नदीत गेला होता आणि त्याची माझ्याकडची नक्कल मी स्वतःच्या हातानं पुसली होती.

बत्तीस वर्षांत ही चूक मी केली नव्हती. दुसऱ्यांना केलेली पाहिली होती, त्यांना हसलेही होते.

मी हे काम अकोल्याला शिकले, वामनकाकांच्या स्टुडिओत. तेव्हा संगणक नव्हता. निगेटिव्हवर पेन्सिलीनं काम चालायचं. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं, गोरं ते काळं आणि काळं ते गोरं. कपाळावरची आठी तिथे पांढरी रेघ होऊन दिसते. ती रेघ सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलीनं, ठिपके ठिपके देऊन भरायची, म्हणजे कागदावर आठी फिकी होते. पेन्सिल धरावी म्हणून निगेटिव्हवर आधी एक चिकट औषध चोळायचं. उतरत्या टेबलाच्या भोकामागे आरसा, आरशात खिडकीतला उजेड, आणि डोळ्याला भिंग. दिवसभर माणसांच्या आठ्या भरायच्या. मी लागले तेव्हा मला वाटलं होतं, मुलींना जमेल असं बसून करायचं काम आहे. महिन्याभरानं मान धरली तेव्हा कळलं.

वामनकाका फार बोलत नसत. एकदा मी एका दुकानदाराच्या गालावरचा तीळ घासून काढला आणि कौतुकाची वाट पाहत उभी राहिले. काकांनी भिंगातून पाहिलं. “याले विचारलं होतं काय?”

“नाही. पण खराब दिसत होता.”

“पुटकुळी आठ दिवसांत जाते, ते काढ. तीळ त्याच्यासंगं जनमला, त्याच्यासंगं जाईन. तू कोन त्याले काढनारी?”

तेव्हापासून विचारायची सवय लागली. तीळ ठेवायचा का? गोंदण? वण? बहुतेक लोक हसून म्हणतात, ठेवा, ठेवा. काही म्हणतात, काढा. मग काढते. विचारून काढलेलं मला कधी टोचलं नाही.

टोचतं ते वेगळंच. अकोल्याच्या त्या वर्षांत आणि नंतर अमरावतीला माझं दुकान झाल्यावरही, मी किती मुलींना गोरं केलं याचा हिशेब नाही. लग्नाच्या फोटोसाठी आई यायची, मुलगी मागे उभी. “जराशी उजळ करून द्या.” मी करायची. मुलगी पाहायला आलेले लोक फोटोतल्या मुलीला शोधत परत जायचे. एक मुलगी चौथ्यांदा आली तेव्हा मला म्हणाली, “ताई, आता जशी हावो तशीच राहू द्या, नाहीतर चहाचे कप धुवून धुवून मी मरतो.” तेव्हापासून तो धंदा बंद केला. तिचं लग्न जमलं, हेही सांगते. फोटोमुळे नाही, तिची नोकरी होती.

गमतीची गिऱ्हाइकं तर विचारू नका. शेंदूरजनाघाटहून एक संत्र्याचे बागाईतदार आले होते. बाहेरच्या व्यापाऱ्याला बागेचे फोटो पाठवायचे होते. “झाडावर संत्री जरा कमी दिसते, बाई. शे-दोनशे वाढवून द्या अन् रंग चढवा.” मी म्हटलं, “वाढवते. मग तोडणीला मजूर घेऊन मीच येऊ काय?” ते इतके हसले की चहा मागवावा लागला. रंग चढवला नाही. ते अजून हंगामात टोपलीभर संत्री पाठवतात.

आणि एक जावईबापू होते. सासऱ्यांशी बांधावरून भांडण झालं म्हणून सासऱ्यांनी कुटुंबाच्या मोठ्या फोटोतून त्यांना काढायला लावलं. काढलं. मागची भिंत भरली, शेजारच्या मेहुण्याचा अर्धा खांदा नव्यानं बनवला. दोन वर्षांनी सासरे परत आले. “पोरीचा बारसा हाय. त्याले घाला परत.” मी एका मिनिटात घातला, कारण मूळ फाइल मी कधीही हात न लावता वेगळी ठेवते. सासरे चकित. “म्हंजे तो इथंच होता?” मी म्हटलं, “इथंच बसून होता बिचारा, तुमच्या बोलावण्याची वाट पाहत.”

तर मूळ जपायचं, काम नकलेवर करायचं, हे माझं इतकं पक्कं होतं. मग गिरजाबाईंच्या वेळी काय झालं? सांगते, लपवण्यात अर्थ नाही. या वर्षी मी एक नवं सॉफ्टवेअर घेतलं होतं. मोडका, पुसट चेहरा त्यात टाकायचा, एक बटण दाबायचं, अर्ध्या मिनिटात लख्ख चेहरा तयार. ज्या कामाला मला दिवस लागायचा ते काम. मी आधी नाक मुरडलं. मग गर्दी सुरू झाली आणि म्हटलं, पाहू तरी. गिरजाबाईंचा फोटो खूप खराब होता. ओल लागून बुरशीचे ठिपके चेहराभर पसरलेले, काच फुटून चिकटलेली. स्कॅन केला, बटण दाबलं, आणि काय सुंदर बाई निघाली! तुकतुकीत गाल, शांत नजर. मी स्वतःशी “वा” म्हटलं. तेवढ्यात फोन वाजला, आणि बोलता बोलता हातानं सेव्ह केलं.

हे एक झालं. दुसरं त्याहून वाईट. शुक्रवारी पुंजाजींसमोर उभी राहून मी मूळ फोटो आठवायला लागले तेव्हा मला बुरशी आठवली. डाव्या कोपऱ्यातली चीर आठवली. साडीच्या काठावरचा पिवळा डाग आठवला. चेहरा आठवेना. मी फोटोची खराबी पाहिली होती, बाईकडे पाहिलंच नव्हतं.

पुंजाजींना मी सगळं खरं सांगितलं. मला वाटलं, आता बोलतील. बोलले ते एवढंच: “म्हंजे ते आता कुठंच नाई?”

गजाननला विचारलं, दुसरे फोटो? मोबाइलमध्ये? त्याने मोबाइल पुढे केला. आजारपणातले होते, हाडं वर आलेली, नाकात नळी. “हे भिंतीवर नाई लावाचं,” पुंजाजी म्हणाले. लग्नाकार्यातले होते, पण प्रत्येकात तिने मान वळवलेली किंवा पदर पुढे घेतलेला. आधार कार्डावर होता तो बोटाच्या पेराएवढा, धुरकट. मी सगळे माझ्याकडे घेतले आणि म्हटलं, “रविवारी तुमच्या गावी येते. ज्यांनी ज्यांनी तिला पाहिलं, त्यांना घरी बोलवा. नवमीच्या आत करायचा प्रयत्न करू. होईलच असं सांगत नाही.”

शनिवारी दिवसभर एकटीनं खटपट केली. पुसलेली फाइल परत मिळते का पाहिलं, जाणकाराला विचारलं, नाही मिळाली. मग त्या गुळगुळीत चेहऱ्यावर सुरकुत्या घातल्या. आता ती सुरकुत्या पडलेली परकी बाई दिसायला लागली. मी लॅपटॉप बंद केला.

रविवारी सकाळी स्कूटरवर निघाले. भातकुलीच्या पुढे दोन्ही बाजूंना कपाशीची पऱ्हाटी आणि तूर, रस्ता बरा होता. घरात आधीच दहा-बारा बाया जमल्या होत्या. सून सुनंदानं चहा दिला. तो खारपाणपट्ट्याच्या पाण्याचा, जिभेला थोडा खारटच. स्टुलावर लॅपटॉप ठेवला. समोर पुंजाजी, गालात तंबाखूची गोळी धरून. त्यांच्या शेजारी त्यांची मोठी बहीण सुभद्राबाई, त्याच गावात दिलेली, म्हणजे गिरजाबाईंची नणंद. ऐंशीच्या घरात, कानानं तल्लख आणि तोंडानं त्याहून.

पडद्यावरचा चेहरा पाहून सुभद्राबाई म्हणाल्या, “हे कोनाची सून होय?”

बाया खो खो हसल्या. माझंही अवघडलेपण गेलं.

“बरं, सांगा,” मी म्हटलं. “एकेक सांगा. काय चुकलं?”

“नाक. बसकं होतं तिचं.”

“बसकं नोतं, अक्का,” पुंजाजी म्हणाले.

“तू त तिच्याच बाजूनं बोलशीन. आता त ते मेली बी, तरी?”

“जरासं रुंद होतं,” सुनंदानं मधला मार्ग काढला. मी नाक रुंद केलं. सुभद्राबाई म्हणाल्या, “अजून.” पुंजाजी म्हणाले, “बस.” मी दोघांच्या मधोमध थांबले.

असा दीड तास गेला. हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके होते. यंत्रानं ते डाग समजून पुसले होते. ते घातले. कुंकू एवढं नेटकं नसे, बोटानं लावलेलं, जरा वाकडं. कानाची वरची पाळी बुगडीनं ओघळलेली. वरचा एक दात किंचित पुढे. एक म्हातारी म्हणाली, शेतात निंदायला सोबत असायची तेव्हा कपाळावर इथे घाम साचायचा, तोही घालता का? मी म्हटलं, घाम नको, नवमी आहे. प्रत्येक गोष्ट घातली की बाया “हो, हो, आली” म्हणत. सुनंदाचे डोळे भरून आले. गजानन म्हणाला, “मायच झाली ना आता.”

पुंजाजींनी मान हलवली. “नाई.”

“काय राह्यलं, बाबा?”

“मले सांगता नाई येत. पन नाई.”

मी चेहरा पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिला. मग मोबाइलमधले फोटो एकेक उघडले, ते लग्नाकार्यातले, मान वळवलेले. एवढ्या सगळ्या फोटोंत एकदाही समोर पाहिलेलं नाही. लाजाळू बाई एखाद्या फोटोत तरी सापडतेच. मी लॅपटॉपवरून नजर न काढता विचारलं, “गिरजाबाई कॅमेऱ्याकडे का पाहत नसत?”

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. गजानन उठून दाराशी गेला. शेवटी सुनंदा बोलली, हळूच. “सासूबाईंचा एक डोळा... जरासा तिरळा होता, ताई.”

तर हे होतं. यंत्रानं दोन्ही डोळे सरळ करून टाकले होते. त्याच्या दृष्टीनं तीही एक खराबीच.

“तू मला सांगितलं का नाही?” मी गजाननला विचारलं.

तो दारातूनच म्हणाला, “मी फोटो पाह्यला तवाच मले दिसलं. मले वाटलं, बरं झालं. जिंदगीभर लपवला तिनं. लोकं हसत. आता भिंतीवर तरी चांगली दिसन.”

मला त्याचा राग आला नाही. मीही अशाच कारणानं मुलींना गोरं केलं होतं.

पुंजाजी मात्र ताठ बसले. “लोकायपासून लपवला. माह्यापासून कवा लपवला?”

सुभद्राबाईंना राहवेना. “मले एका डोळ्यानं पाहे अन् एका डोळ्यानं चुलीवरचं दूध. पन दूध कवा उतू नाई गेलं बाप्पा तिचं.”

“कोणता डोळा?” मी विचारलं.

“डावा,” पुंजाजी म्हणाले.

“उजवा,” सुभद्राबाई म्हणाल्या.

“कोणाचा डावा? तुमचा की तिचा?”

यावर जो गोंधळ झाला तो लिहून दाखवता येणार नाही. माणसाचा डावा हात समोरच्याला उजवीकडे दिसतो. आमच्या धंद्यात ही रोजची कटकट, लोक भलत्याच गालावरचा तीळ दाखवतात. आता दहा बाया आपापले डोळे झाकून एकमेकींना दाखवत होत्या. ज्या माणसांनी तिच्यासोबत जन्म काढला त्यांचं एकमत होईना. आधार कार्डावर इतकं धुरकट होतं की दोन्ही डोळे म्हणजे दोन काळे ठिपके. आणि चुकीचा डोळा तिरळा केला असता, तर तिसरीच बाई झाली असती.

मी म्हटलं, “तो फोटो कुठे काढला होता?”

“मोझरीले,” पुंजाजी म्हणाले. “तीस वर्सं झाले. दर्शनाले गेल्तो. तिथं एक फोटोवाला बसे.”

“तेव्हा तुम्ही कुठे होता?”

“फोटोवाल्याच्या बाजूले उभा होतो. ते काही पाहेच ना समोर. तो चिडला. मंग मी म्हनलं, सरळ पाहाय, मी हावो ना इथं. तवा पाह्यलं.”

मी उठले. अंगणात सुनंदाला स्टुलावर बसवलं, पदर नीट करून. मी समोर फोटोवाल्याच्या जागी उभी राहिले. पुंजाजींना म्हटलं, “आबाजी, तुम्ही उभे होता तसे उभे राहा.”

ते आले, जरा घुटमळले आणि माझ्या डाव्या हाताला येऊन उभे राहिले. लगेच पाऊलभर पुढे सरकले. तीस वर्षांपूर्वीची जागा, पण त्यांच्या पायाला ठाऊक होती.

“आता ती तुमच्याकडे पाहते आहे. कोणत्या डोळ्यानं?”

त्यांनी सुनंदाकडे बोट केलं, पण पाहत ते सुनंदाकडे नव्हते. “हा. हा माह्याकडं. अन् हा तिकडं.” त्यांचं बोट अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, गोठ्याकडे गेलं. “तिकडं कडुनिंब होता. मी नंतर तिले म्हनलं बी, मले पाह्यत होती का कडुनिंबाले?”

“मग?”

“म्हने, दोघाहिले.”

त्यांच्याकडे पाहणारा सुनंदाचा डोळा तिचा उजवा होता. म्हणजे तिरळा डावा. सुभद्राबाई पुटपुटल्या, “तेच त सांगून राह्यलो मी.” कोणी वाद घातला नाही.

आत येऊन मी डाव्या डोळ्याचं बुबुळ उचललं आणि बाहेरच्या बाजूला सरकवायला लागले. हे काम फार बारीक असतं. केसाएवढं कमी राहिलं तर बाई दमलेली दिसते, केसाएवढं जास्त झालं तर विद्रूप दिसते. पुंजाजी पडद्याला नाक लावून बसले होते.

“अजून,” ते म्हणाले. “अजून. अजून जरासं.”

बाया मागून वाकून पाहत होत्या. सुभद्राबाईसुद्धा.

“थांबा.”

मी हात उचलला. पुंजाजी पडद्याकडे पाहत राहिले. मग उठले, अंगणात गेले, तंबाखूची गोळी थुंकली, नळावर खळखळून चूळ भरली आणि धोतराच्या सोग्यानं तोंड पुसत परत येऊन बसले.

“पाह्य!” सुभद्राबाई म्हणाल्या. “तिच्यासमोर खाची हिंमत नोती त्याची!”

बाया हसल्या, पुंजाजीही हसले. गजानन दारातून आत आला आणि बापाच्या मागे उभा राहून पहिल्यांदा त्या चेहऱ्याकडे नीट पाहू लागला. मग म्हणाला, “ताई, हेच छापा.”

ही फाइल मी त्यांच्या डोळ्यांदेखत दोन ठिकाणी वेगळी ठेवली. पुंजाजींना त्यातलं काही कळलं नाही, तरी त्यांनी मान डोलावली. जेवल्याशिवाय सोडलं नाही. चार वाजता निघाले.

हा चेहरा गिरजाबाईंचा शंभर टक्के आहे असं मी म्हणणार नाही. तो गावानं सांगितलेला, नवऱ्यानं मान्य केलेला आणि मी बसवलेला चेहरा आहे. वामनकाकांच्या हातची निगेटिव्ह असती तर असं करावं लागलं नसतं. पण इतक्या वर्षांत मी एवढं मन लावून कोणाकडे पाहिलं नव्हतं, हेही खरं. ते सॉफ्टवेअर मी फेकून दिलेलं नाही. बुरशी आणि चिरा ते छान काढतं. चेहरा मात्र आता मी करते, आणि करायच्या आधी घरच्यांना समोर बसवून विचारते. वेळ लागतो, लोक कुरकुरतात. बसतात पण.

दुसऱ्या दिवशी, नवमीला, सकाळी सात वाजता दुकान उघडलं. गजानन आधीच पायरीवर बसला होता. फोटो छापला, शुक्रवारी ठेवून गेलेल्या त्याच फ्रेममध्ये बसवला, त्यानं तो आईच्या साडीच्या तुकड्यात गुंडाळला आणि गाडीला किक मारली. तो गेल्यावर मी कामाची वही काढली. या पित्तरपाटात त्या बटणानं केलेले आणखी सात चेहरे होते. पहिला नंबर बडनेऱ्याच्या एका बाईंचा होता, त्यांच्या वडिलांचा फोटो. फोन लावला आणि म्हटलं, दिलेला फोटो परत घेऊन या, पुन्हा करायचा आहे.

“कावून, ताई? आमाले त लई आवडला तो.”

“मलाही आवडला होता,” मी म्हटलं. “म्हणूनच घेऊन या. जुना शिरवला नसेल तर तोही आणा, आणि वडिलांना ओळखणारं एखादं म्हातारं माणूस सोबत आणा.”

त्या अकरा वाजता येते म्हणाल्या. मी दुसरा नंबर लावला.